श्रद्धा आणि रोजची सेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सलाम. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात, महिला मंडळात, तरुण संघात, कधी दवाखान्याच्या बाकावर बसल्याबसल्या लोक जे विचारतात, त्यातले काही प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, त्यामुळे शब्द तिकडचे आहेत. कॅथलिक बंधुभगिनींनी ‘मंडळी’ वाचलं की आपल्या चर्चचा समुदाय समजावा, बाकी सगळं सारखंच लागू आहे.

तारण विश्वासाने होतं, कर्मांनी नाही. मग सेवेवर एवढा भर कशाला?

इफिसकरांस पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाची आठवी आणि नववी ओवी आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. तारण कृपेने आहे, ते देवाचं दान आहे, कोणी बढाई मारू नये. पण पौल तिथे थांबलेला नाही. लगेच दहाव्या ओवीत तो म्हणतो की आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलं आहे. या तिन्ही ओव्या एका दमात वाचल्या की निम्मा वाद मिटतो. सेवा करून आपण देवाकडून काही विकत घेत नाही. जे आधीच मिळालं आहे, ते हातातून पुढे जातं.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं उदाहरण तर फार रोखठोक आहे. एखादा भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि आपण तिला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव’ असं म्हणून वाटेला लावलं, तर काय उपयोग? ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ एवढंच म्हणून आपण निघतो तेव्हा आपणही हेच करत असतो. प्रार्थना करावीच. पण त्या घरात संध्याकाळचं पीठ आहे का, हेही विचारून यावं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. दिवस त्यांच्यात जातो, चर्चच्या कामात मला भाग घेता येत नाही. ही सेवा धरली जाते का?

ताई, हा प्रश्न विचारताना बायका आवाज खाली आणतात, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

हो, धरली जाते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्पष्ट आहे की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, पाठ आणि टाचा बघणं, चादरीला चुणी राहू न देणं, यानेच जखमा टळतात. हे काम कोणी बघत नाही, त्याचा अहवाल वार्षिक सभेत वाचला जात नाही. मत्तयाच्या 25व्या अध्यायात राजा ज्यांना उजवीकडे बोलावतो त्यांनाही आपण काय केलं ते आठवत नाही. ते उलट विचारतात, ‘प्रभू, आम्ही तुला आजारी कधी पाहिलं?’

पण यात दोन गोष्टी मंडळीने ऐकायला हव्यात. पहिली घरातल्या पुरुषांसाठी. सेवा म्हटलं की ती सुनेच्या वाट्याला टाकायची आणि वर ‘प्रभू तुला प्रतिफळ देईल’ म्हणायचं, हे शास्त्रात कुठे नाही. योहानाच्या 13व्या अध्यायात कंबरेला रुमाल बांधून पाय धुतले ते गुरूने आणि प्रभूने, म्हणजे त्या खोलीत ज्याचा मान सर्वांत मोठा होता त्याने. घरात ज्याचा शब्द चालतो त्याने आईचं बेडपॅन उचलावं. त्या अध्यायाचा माझ्या मते याहून सोपा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट महिला मंडळासाठी. अशा घरी फळं घेऊन पाच जणींनी जायचं, एक गीत म्हणायचं, चहा करायला लावायचा आणि निघायचं, याने त्या सुनेचं काम वाढतं. त्यापेक्षा एकीने दर बुधवारी दुपारी दोन तास रुग्णाजवळ बसावं, म्हणजे तिला झोपता येईल, बँकेत जाता येईल, नाहीतर नुसतं घराबाहेर पडता येईल.

सुरुवात कुठून करावी?

एक माणूस, एक वार, एक काम. गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या गोळ्या दर शनिवारी डबीत भरून द्यायच्या, एवढंही चालेल. नाताळात शंभर ब्लँकेटं वाटणं वाईट नाही, पण मार्चमध्ये त्या माणसाचं काय चाललंय हे वाटणाऱ्याला माहीत नसतं. ज्याच्याकडे तुम्ही नेमाने जाता, तोच हळूहळू खरी गरज सांगतो. पहिल्या भेटीत तो पैसे नाहीत म्हणेल. खूप भेटींनंतर कळेल की मुलाशी बोलणं बंद आहे आणि ते दुखणं जास्त आहे.

आमचंच जेमतेम भागतं. द्यायला काही नाही.

मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढतात. आठवड्याला तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि पैसा मंडळीच्या कामाला लागतो. तिकडे त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात आणि ही रीत 1910 पासून चालू आहे. तेव्हा तो डोंगराळ मुलूख गरीब होता, बायकांच्या हातात पैसा नव्हता. जे हातात होतं त्यातून त्यांनी दिलं. बायबलमधल्या गरीब विधवेने दिलेल्या दोन टोल्या, म्हणजे तिच्याजवळची होती नव्हती ती दोन नाणी, आपण उपदेशात ऐकतो, इथे एका सबंध समाजाने त्या रोजच्या चुलीवर आणल्या.

आणि आपल्याकडे पुष्कळदा पैशापेक्षा कागद अडलेला असतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होते ही माहिती, आधारवरचं चुकलेलं नाव. ज्याला लिहिता-वाचता येतं आणि जो तहसील कचेरीत रांगेत उभा राहू शकतो, त्याच्याकडे देण्यासारखं पुष्कळ आहे. क्षयरोगाच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत सरकारकडून पोषणासाठी दरमहा 1000 रुपये मिळतात, पण बँक खात्याचा घोळ सुटेपर्यंत ते अडकून पडतात. तो घोळ सोडवून देणं म्हणजे कित्येक महिन्यांचं दूध आणि अंडी. शिवाय ‘निक्षय मित्र’ म्हणून नाव नोंदवून एखादा गट रुग्णाच्या शिध्याची जबाबदारीही घेऊ शकतो.

रक्तदानाला तर एक पैसा लागत नाही. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, प्रकृती ठीक. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं.

मागणारा पैसे दारूत घालवतो. तरी द्यायचे का?

रोख शक्यतो देऊ नका, वस्तू द्या. औषधाच्या दुकानात बिल भरा, शाळेच्या कार्यालयात फी भरा आणि पावती मुलाच्या आईच्या हातात द्या. पण एकदा फसवलं म्हणून त्या घराची पायरी चढणं सोडू नका. त्या घरात बायको-मुलं आहेत. दारू सोडवायला व्यसनमुक्ती केंद्र आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा असतात, पहिल्या सभेला बरोबर जाणारा कोणी लागतो. तिथे जा.

सेवा करताना ख्रिस्ताविषयी बोलावं का? लोक धर्मांतराचा आरोप करतात.

हा प्रश्न आज सगळ्यात जास्त येतो, आणि तरुण मुलं भीतीने विचारतात.

आधी शास्त्र बघू. लूकच्या 17व्या अध्यायात येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं. परत येऊन उपकार मानणारा एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला. बाकीचे नऊ कुठे गेले असं येशूने विचारलं खरं, पण त्या नवांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही. माझ्या दृष्टीने सेवेचा सगळा कायदा यात आला. दिलेलं अन्न, केलेली मलमपट्टी, भरलेली फी यांच्यामागे कोणतीही अट नाही. अट आली की ती सेवा राहत नाही, सौदा होतो. असा सौदा देशातल्या पुष्कळ राज्यांत गुन्हा आहेच. पण तसा कायदा नसता तरीही तो सुवार्तेच्या विरुद्धच गेला असता, कारण कृपा फुकट असते.

मग तोंड मिटून राहायचं का? तसंही नाही. राज्यघटनेचं 25वं कलम प्रत्येकाला आपला धर्म पाळायचं, आचरायचं आणि सांगायचं स्वातंत्र्य देतं. कोणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं ते सांगा, आडपडदा ठेवू नका. आजाऱ्याजवळ प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा. ‘नको’ म्हणाले तर ठीक, पुढच्या आठवड्यात तेवढ्याच आपुलकीने परत जा. त्या ‘नको’नंतर तुमचं जाणं-येणं कमी झालं नाही, हे सगळी गल्ली बघत असते. शुद्धीवर नसलेल्या, घाबरलेल्या किंवा तुमच्या मदतीवर पूर्ण अवलंबून असलेल्या माणसाशी हा विषय काढूच नका. त्याला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही.

आरोप तरीही होतील. ओडिशातल्या बारिपदा इथे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप आणि टिमोथी, यांना जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूर गावात गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळण्यात आलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्यानंतरही कित्येक वर्षं त्या तिथे कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. मला क्षमेहूनही ते राहणं मोठं वाटतं. रुग्णांच्या जखमा दुसऱ्या दिवशीही धुवायच्याच होत्या.

मदत आधी आपल्या लोकांना करावी ना?

मंडळीतल्या गरिबांकडे दुर्लक्ष होऊ नये, हे बरोबर. यरुशलेमेत विधवांची रोजच्या वाटपात हेळसांड होऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी सात माणसं खास त्या कामावर नेमली (प्रेषितांची कृत्ये, 6वा अध्याय). पण कुंपण तिथे संपत नाही. चौथ्या शतकात रोमन सम्राट जुलियन ख्रिस्ती धर्म मोडायला निघाला होता. त्याने आपल्या एका पुजाऱ्याला पत्रात लिहिलं, की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) त्यांच्याच नव्हे, आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्या लोकांना आपल्याकडून काही मिळत नाही. विरोधकाने दिलेली ही साक्ष आहे. आपल्या गल्लीत आपल्याबद्दल असं कोणी म्हणेल का?

चर्चमध्येच जातीचा आणि पैशाचा भेद आहे. मग बाहेर कसली सेवा करायची?

बाहेरची सेवा थांबवू नका, पण हा प्रश्न टाळूही नका. आपल्यातली बहुतेक घरं चार-पाच पिढ्यांमागे महारवाड्यातून, मांगवाड्यातून मिशनच्या आवारात आली. काही ब्राह्मण, मराठा घरांतून आली. प्रभुभोजनाच्या मेजाशी सगळे एकत्र येतात आणि सोयरीक जुळवताना मात्र आजोबांचं आडनाव आणि मूळ गाव विचारलं जातं. हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही.

घरातही बघा. धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का? त्या जेवायला कुठे बसतात? त्यांना आठवड्याची सुट्टी आहे का, आजारी पडल्या तर पगार कापता का? ड्रेनेज तुंबलं तर माणसाला चेंबरमध्ये उतरायला सांगता, की मशीन मागवता? हाताने मैला साफ करायला लावण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी सोसायट्यांमध्ये चारशे-पाचशे रुपयांत माणूस उतरवला जातो आणि गुदमरून मरतो. सोसायटीच्या सभेत उभं राहून ‘आपण मशीनच मागवू, जास्तीचा खर्च माझ्याकडून घ्या’ असं म्हणणारा ख्रिस्ती माणूस मला दहा अन्नवाटपांइतका मोलाचा वाटतो.

पाय धुण्याचा विधी वर्षातून एकदा होतो. मावशींना आपल्याच कपात, आपल्या शेजारी बसवून चहा देणं रोज करता येतं.

मी सरकारी नोकरीत आहे. माझी सेवा रविवारीच का?

लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. नेमून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. शिपायांना म्हणतो, कोणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना. तुमच्या खिडकीवर आलेल्या म्हातारीला ‘उद्या या’ न म्हणता तिचा अर्ज आज पुढे सरकवणं, ही सोमवार ते शुक्रवारची उपासना आहे. शिक्षक, नर्स, कंडक्टर, दुकानदार, सगळ्यांना हेच.

अन्यायाविरुद्ध बोलणं सेवेत येतं का? आमचे लोक म्हणतात, राजकारणात पडू नका.

1897 च्या प्लेगमध्ये सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांचे जे हाल होत होते, त्याबद्दल पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. सरकार इंग्रजांचं होतं, म्हणजे ख्रिस्ती. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून तिथली शेती आणि पाणी वाचवण्यासाठी लोकांना उभं केलं, धमक्या सोसल्या. त्या लढ्यात सगळ्या धर्मांचे वसईकर होते. वाटेत जखमी पडलेल्याला उचलणं हे येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याचं काम. पण त्याच वाटेवर रोज कोणीतरी लुटलं जात असेल, तर वाटेचा बंदोबस्तही बघायला हवा. पक्षाचा झेंडा मात्र वेदीजवळ आणू नये, एवढं पथ्य मी पाळतो.

मोठी माणसं करून गेली. आपल्यासारख्यांनी त्यांच्याकडून काय घ्यावं?

रमाबाईंचंच उदाहरण घेऊ. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार बायका-मुलींना घेऊन आल्या आणि दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. लोक त्यांची विद्वत्ता सांगतात. मला तिथली कामांची यादी जास्त शिकवते : शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. उपाशी आलेल्या मुलीला आधी जेवण, मग अक्षर, मग हाताला काम. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, आणि ते छापायचं काम ज्यांना समाजाने टाकून दिलं होतं त्याच बायकांनी केलं. म्हणजे ज्यांची सेवा झाली त्याच सेवा करू लागल्या. तुम्ही ज्याला मदत करता, त्याला कोणाची तरी मदत करायची संधी देता का? निवृत्त झालेल्या, एकट्या पडलेल्या शिंपीकाकांना शाळेच्या मुलांचे फाटलेले गणवेश शिवायला द्या. त्यांना कसं वाटतं ते बघा.

मिरजेचं तसंच. डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू झालं. शस्त्रक्रियेसाठी लांबून लोक येत. पण त्यांनी स्वतःपुरतं काम ठेवलं नाही, इथल्या तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिलं. तुम्ही करता ते काम दुसऱ्या कोणाला येतं का, हे अधूनमधून विचारावं.

फोटो टाकावेत का?

घेणाऱ्याचा चेहरा कधीही नाही. डाव्या हाताला कळू नये असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला कशाला? देणगीदारांना हिशेब दाखवायचा असेल तर पावत्यांचे फोटो पाठवा.

रुग्णालयात भेटायला जाताना काय बोलावं?

थोडं बोलावं. वेळ विचारून जा, हात धुवून जा, पंधरा मिनिटांत उठा. ‘देवाची इच्छा’, ‘कुठल्या पापामुळे’ असली वाक्यं तोंडातून काढू नका. जन्मांधाविषयी शिष्यांनी असंच विचारलं होतं, आणि येशूने तो विचारच नाकारला (योहान, 9वा अध्याय). संकटात सापडलेल्या ईयोबाला भेटायला आलेले मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं, बोलायला लागले तेव्हा बिघडलं. जो रात्रंदिवस रुग्णाजवळ बसलेला आहे त्याला जेवायला खाली पाठवा आणि तेवढा वेळ तुम्ही बसा.

सेवा करून करून मीच थकले आहे. चिडचिड होते, प्रार्थनेतही मन लागत नाही.

थांबा. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना तेव्हा येशूने त्यांना एकांतात नेलं, थोडा विसावा घ्या म्हणाला (मार्क, 6वा अध्याय). लोक तर तेव्हाही रांगेत होते. आठवड्याचा एक दिवस कोणाचाही फोन न घेता राहा, त्या दिवशीचं काम दुसऱ्याला सांगा. महिना उलटला तरी झोप येत नसेल, रडू आवरत नसेल, तर ती विश्वासाची कमतरता समजू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. एकट्या ज्येष्ठांसाठी 14567 आणि संकटातल्या मुलांसाठी 1098 हे क्रमांकही जवळ ठेवा. सगळं आपणच निस्तरायचं नसतं.

आम्ही दोघी-तिघी मिळून काम करतो. नोंदणी हवी का? पैशांचं काय?

शेजारधर्म म्हणून चाललेल्या कामाला नोंदणी लागत नाही. लोकांकडून नेमाने देणग्या घ्यायच्या असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवून घ्या, किंवा पंचमंडळाच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) ठरावाने मंडळीच्या नोंदणीकृत न्यासाखालीच काम करा, ते सोपं पडतं. परदेशातला नातेवाईक संस्थेसाठी पैसे पाठवतो म्हणाला, तर विदेशी अंशदान कायद्याखालच्या परवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यात ठेवू नका. करिंथ मंडळीची वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली होती, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (2 करिंथ, 8वा अध्याय). तुम्हीही वहीवर दोघींच्या सह्या ठेवा आणि दर तीन महिन्यांनी हिशेब उपासनेनंतर मंडळीसमोर वाचून दाखवा.